डॉक्टर आणि शिक्षक, एकाच कलमात

१८६८ साली वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरमी इथे अमेरिकी सरकारने लकोटा, डकोटा आणि अरापाहो जमातींशी तह केला. त्याचं तेरावं कलम अगदी लहान आहे. सरकार जमातींना दरवर्षी कोणती माणसं पुरवील याची यादी त्यात दिली आहे: डॉक्टर, शिक्षक, सुतार, गिरणी चालवणारा, यंत्रं सांभाळणारा, शेती शिकवणारा आणि लोहार. या माणसांना नेमायला पुरेल एवढा पैसा वेळोवेळी मंजूर केला जाईल, असंही पुढे लिहिलं आहे. बदल्यात जमातींनी लढाई थांबवली आणि अफाट मुलखावरचा हक्क सोडला. तेव्हा हे दान नव्हतं. जमिनीची किंमत होती, आणि ती वर्षानुवर्षं चुकती करायची होती.

त्या यादीतल्या सुताराची आणि लोहाराची गरज काळाच्या ओघात संपली. डॉक्टर आणि शिक्षक अजून हवे आहेत. त्यांचा खर्च वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने करायचा की ज्या राज्यात जमात राहते त्या राज्य सरकारने, हा प्रश्न मात्र दीडशे वर्षांनंतरही लोंबकळतो आहे. जमातींच्या कॉलेजांसाठी राज्याने पैसा द्यावा का, हा विधिमंडळातला एक विषय. दुर्गम भागात डॉक्टर कसे आणायचे, हा दुसरा. दोन्हींची खाती वेगळी, समित्या वेगळ्या. तह लिहिणाऱ्यांनी ते एका ओळीत लिहिले होते, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं. आदिवासी भागात टिकणारा डॉक्टर हवा असेल तर त्याची तयारी त्या भागातल्या कॉलेजपासून सुरू होते. दोन खात्यांत वाटलेला हा खर्च मुळात एकच आहे.

आधी शिक्षणाची बाजू पाहू.

१८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे आदिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. मुलांना घरापासून हजारो किलोमीटर दूर न्यायचं, केस कापायचे, गणवेश घालायचा, मातृभाषा बंद करायची, असा तिथला शिरस्ता. लकोटांच्या ब्रूले शाखेचे प्रमुख सिंटे ग्लेस्का, इंग्रजीत स्पॉटेड टेल, यांची मुलं पहिल्याच तुकडीत होती. पुढच्या वर्षी ते स्वतः शाळा पाहायला गेले. तिथली लष्करी कवायत आणि शिस्त पाहून त्यांनी आपली मुलं सोबत घेतली आणि घर गाठलं. १९७१ साली साउथ डकोटातल्या रोझबड राखीव प्रदेशात जमातीने स्वतःचं कॉलेज काढलं तेव्हा त्याला नाव दिलं सिंटे ग्लेस्का. शाळेला नाही न म्हणता, आपल्या मुलांना तोडणाऱ्या शाळेला नाही म्हणणारा माणूस, असा त्या नावाचा अर्थ घेता येतो.

त्याआधी १९६८ साली नवाहो जमातीने ॲरिझोनात आपलं कॉलेज स्थापन केलं होतं. आज त्याचं नाव दिने कॉलेज. एखाद्या जमातीच्या ताब्यातलं हे अमेरिकेतलं पहिलं कॉलेज. त्याचे पहिले वर्ग मेनी फार्म्स या गावी एका सरकारी निवासी शाळेच्या इमारतीत, उसन्या जागेत भरले. १९७३ साली अशा सहा कॉलेजांनी मिळून संघटना बांधली. आता ही कॉलेजं पस्तीसच्या आसपास आहेत, बहुतेक मध्य-पश्चिमेच्या माळरानांवर आणि नैर्ऋत्येच्या वाळवंटी पट्ट्यात. बरेचसे अभ्यासक्रम दोन वर्षांचे; काही ठिकाणी पदवी आणि पदव्युत्तरही. प्रवेश सगळ्यांना खुला. वर्गात अठरा वर्षांच्या मुलांबरोबर तिशी-पस्तिशीतल्या आया बसलेल्या असतात, म्हणून अनेक कॉलेजांत पाळणाघर असतं. कॉलेजचं ग्रंथालय हेच गावाचं ग्रंथालय. शाळा अर्धवट सोडलेल्यांना बारावीच्या तोडीची परीक्षा द्यायची असेल तर तिची तयारीही इथेच होते.

हे सगळं चालतं कशावर? साधं अमेरिकन कम्युनिटी कॉलेज तीन खांबांवर उभं असतं: राज्याचं अनुदान, स्थानिक मालमत्ता कर आणि विद्यार्थ्यांची फी. राखीव प्रदेशातली बरीच जमीन केंद्र सरकारने जमातीच्या वतीने विश्वस्त म्हणून धरलेली असते, आणि तिच्यावर मालमत्ता कर लागत नाही. म्हणजे एक खांब मुळातच नाही. फी वाढवावी तर विद्यार्थी गरीब. राज्याकडे हात पसरावा तर ऐकावं लागतं की जमाती ही केंद्राची जबाबदारी आहे. उरतो तो केंद्राचा पैसा. त्यासाठी १९७८ साली काँग्रेसने खास कायदा केला आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. कायद्यात दर विद्यार्थ्यामागे अमुक इतके डॉलर असा दर ठरवला गेला, पुढे तो दुरुस्त्यांनी वाढवला गेला, पण प्रत्यक्ष तरतूद दशकानुदशकं त्या दराच्या खालीच राहिली. कायद्यात लिहिलेला आकडा आणि अंदाजपत्रकात मिळणारा आकडा यांत एवढी फारकत असते हे महाराष्ट्रात आदिवासी विकासाच्या योजना पाहिलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

या कायद्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट मात्र वेगळीच आहे. केंद्र फक्त आदिवासी विद्यार्थी मोजतं. आदिवासी कोण, तर ज्याचं नाव मान्यताप्राप्त जमातीच्या सदस्यनोंदीत आहे तो, किंवा अशा सदस्याचं पोटचं मूल. बाकी सगळे बिगर-लाभार्थी.

मोंटाना राज्यातल्या फ्लॅटहेड राखीव प्रदेशात पाब्लो नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९७७ साली स्थापन झालेलं सॅलिश कूटनाय कॉलेज आहे, आणि त्यात नर्सिंगचा अभ्यासक्रम चालतो. त्याच्या एका बाकावर तीन मुली बसल्या आहेत असं समजा. पहिलीचं नाव जमातीच्या नोंदीत आहे. दुसरी शेजारच्या गोऱ्या गुरंपालकाची मुलगी. जवळचं दुसरं कॉलेज लांब, म्हणून ती इथे येते. तिसरीची आजी जमातीची सदस्य होती. पण नोंदीसाठी अनेक जमातींत किमान एक चतुर्थांश रक्ताची अट असते. तिसरीच्या आईचे वडील जमातीबाहेरचे, आणि त्या अटीत आई बसली नाही. मग मुलगीही बसत नाही. ही तिसरी मुलगी आजीकडे वाढली, जमातीच्याच गावात राहते, तिथल्याच दवाखान्यात नोकरी करणार आहे, आणि केंद्राच्या हिशेबात तिची किंमत शून्य. कॉलेज तिघींनाही तेच प्राध्यापक देतं, तीच प्रयोगशाळा देतं. पैसे एकीचेच येतात.

गोरी मुलगी राखीव प्रदेशात आलीच कशी, असा प्रश्न पडेल. ती आली नाही, तिच्या पणजोबांना सरकारने आणलं. १९०४ च्या कायद्याने फ्लॅटहेडची सामाईक जमीन तुकड्यातुकड्यांनी जमातीच्या सदस्यांना वाटली गेली, आणि उरलेली ‘जादा’ ठरवून १९१० पासून बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुली केली. परिणामी आज या राखीव प्रदेशात जमातीबाहेरची वस्ती बहुसंख्य आहे. म्हणजे केंद्राने आधी जमीन वाटून शेजारी बसवले, मग जमातीने उघडलेल्या कॉलेजात त्या शेजाऱ्यांची मुलं शिकू लागल्यावर त्यांचा खर्च आपल्याकडे नाही म्हणून हात झटकले.

इथे राज्याचा प्रश्न येतो. या बिगर-लाभार्थी मुली मोंटानाच्या नागरिक आहेत. त्या बोझमनच्या किंवा मिझुलाच्या सरकारी विद्यापीठात गेल्या असत्या तर राज्याने त्यांच्यामागे पैसा घातलाच असता. मग जवळच्या कॉलेजात गेल्या म्हणून का नाही? मोंटानात जमातींची सात कॉलेजं आहेत: ब्राउनिंगचं ब्लॅकफीट, लेम डियरचं चीफ डल नाइफ, फोर्ट बेलनॅपचं आनीह नकोडा, पॉप्लरचं फोर्ट पेक, क्रो एजन्सीचं लिटल बिग हॉर्न, बॉक्स एल्डरचं स्टोन चाइल्ड आणि पाब्लोचं सॅलिश कूटनाय. राज्यातल्या प्रत्येक राखीव प्रदेशाचं स्वतःचं कॉलेज आहे. १९९५ साली मोंटानाच्या विधिमंडळाने कायदा करून या कॉलेजांतल्या राज्यवासी बिगर-लाभार्थी विद्यार्थ्यांसाठी दरडोई मदत सुरू केली. तत्त्व म्हणून हे मोठं पाऊल होतं. रक्कम मात्र तुटपुंजी, वर कमाल मर्यादा घातलेली, आणि एक अट: अंदाजपत्रकात या बाबीसाठी स्वतंत्र ओळ टाकली गेली तरच पैसा. नॉर्थ डकोटानेही पुढे तिथल्या पाच कॉलेजांसाठी अशीच वाट काढली. ॲरिझोनात राखीव प्रदेशात गोळा होणाऱ्या विक्रीकराचा काही भाग कॉलेजच्या बांधकामासाठी परत मिळतो. न्यू मेक्सिकोने २०२२ मध्ये राज्यातल्या रहिवाशांसाठी कॉलेजची फी माफ केली तेव्हा जमातींच्या कॉलेजांनाही त्यात धरलं. या मोजक्या राज्यांत झालं ते इतरत्र फारसं झालेलं नाही.

‘ही केंद्राची जबाबदारी’ हा राज्यांचा युक्तिवाद मला पटत नाही, आणि त्याला कारण १८६२ चा मॉरिल कायदा आहे. त्या कायद्याने राज्यांना जमीन देऊन शेतकी व तांत्रिक विद्यापीठं उभारण्याची सोय केली. अमेरिकेतली कितीतरी नामांकित सरकारी विद्यापीठं त्यातून निघाली. बोझमनचं मोंटाना स्टेट विद्यापीठही त्याच परंपरेतलं. २०२० मध्ये ‘हाय कंट्री न्यूज’ या नियतकालिकाने या जमिनींचा माग काढला. सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन, जवळजवळ २५० जमातींकडून घेतलेली, या विद्यापीठांच्या भांडवलात गेली होती. जमातींच्या कॉलेजांना त्याच पंक्तीत बसवायला १९९४ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हा त्यांना जमीन मिळाली नाही. एका निधीचं व्याज मिळालं. ज्या राज्याचं विद्यापीठ आदिवासींच्या जमिनीवर उभं राहिलं त्या राज्याने आदिवासी कॉलेजातल्या आपल्याच नागरिकांचा खर्च परका मानावा, हे न्यायाला धरून नाही.

आता डॉक्टरांकडे वळू.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या, हे मराठी वाचकाला माहीत आहे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्या भारताकडे निघाल्या आणि त्याच सुमारास त्याच कॉलेजात सुझन ला फ्लेश नावाची ओमाहा जमातीची मुलगी दाखल झाली. दोघींचा जन्म १८६५ चा. सुझनने लहानपणी नेब्रास्कातल्या आपल्या वस्तीत एक आजारी बाई मरताना पाहिली होती. गोऱ्या सरकारी डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप पाठवले होते, तो आला नाही. सुझनच्या शिक्षणाचा भार मुख्यतः कनेक्टिकटमधल्या महिलांच्या एका संस्थेने उचलला, काही वाटा सरकारनेही दिला. १८८९ मध्ये ती वर्गात पहिली येऊन डॉक्टर झाली, वैद्यकीची पदवी घेणारी पहिली आदिवासी स्त्री.

आनंदीबाईंना कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी मिळाली होती. क्षयाने त्यांना ती सांभाळू दिली नाही. सुझनला पंचवीस वर्षं मिळाली. ती आपल्याच जमातीत परतली आणि सरकारी डॉक्टर म्हणून बाराशेंहून अधिक माणसांची एकटी काळजी वाहू लागली. कधी पायी, कधी घोड्यावर, बर्फातून. पगार वर्षाला ५०० डॉलर, लष्करातल्या डॉक्टरच्या मानाने नगण्य. क्षयाविरुद्ध, दारूविरुद्ध ती लढली; माश्या मारा, पाणी पिण्याचा पेला एकमेकांचा वापरू नका, हे घरोघरी सांगत राहिली. १९१३ मध्ये वॉल्टहिल गावी तिने इस्पितळ उभारलं, तेही खासगी देणग्यांतून. दोन वर्षांनी ती गेली. तेराव्या कलमाला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती, आणि आदिवासींसाठीचं इस्पितळ वर्गणीतून उभं राहत होतं.

१९५५ पासून आदिवासींच्या आरोग्यासाठी केंद्राची स्वतंत्र इंडियन हेल्थ सर्व्हिस आहे. तिचे आकडे बोलके आहेत. केंद्राच्या हिशेबतपासणी कार्यालयाच्या पाहणीनुसार २०१७ साली ती माणशी ४,०७८ डॉलर खर्च करत होती, त्याच वर्षी माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा खर्च माणशी १०,६९२ डॉलर होता. दोन्ही सेवांचं स्वरूप तंतोतंत सारखं नाही, तरी अंतर एवढं आहे की त्याचं समर्थन कठीण. २०१८ च्या अहवालात याच कार्यालयाने पाहिलेल्या आठ विभागांत डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य अशा पदांपैकी सरासरी चौथा हिस्सा रिकामा आढळला. राहायला घरं नाहीत, हे त्यात ठळक कारण होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६५.२ वर्षांवर आलं, देशाचं ७६ च्या आसपास होतं. कोविडने ही दरी वाढवली, पण दरी आधीचीच.

घर नाही म्हणजे काय, हे ब्राउनिंगला गेल्यावर कळतं. ब्लॅकफीट जमातीचं हे मुख्य गाव रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, कॅनडाच्या सीमेजवळ आहे. १९१६ च्या जानेवारीत इथे एका दिवसात तापमान सुमारे ५५ अंश सेल्सिअसने घसरलं होतं. तो विक्रम अजून या गावाच्या नावावर आहे. मोठं शहर म्हणावं असं ग्रेट फॉल्स २०० किलोमीटरवर. नव्या डॉक्टरला इथे नोकरी मिळेल, पण भाड्याने घर मिळेलच असं नाही. जोडीदाराला काम मिळणं त्याहून अवघड. तरुण डॉक्टर निघून जातो त्यात त्याचा स्वार्थ असतो असं दरवेळी म्हणता येणार नाही.

मग डॉक्टर आणतात कसे? सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे कर्जफेड. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण संपताना डोक्यावर साधारण दोन लाख डॉलरांचं कर्ज असतं. इंडियन हेल्थ सर्व्हिस दोन वर्षांच्या सेवेबद्दल त्यातले ५०,००० डॉलरांपर्यंत फेडते. १९७० च्या कायद्याने आलेली नॅशनल हेल्थ सर्व्हिस कॉर्प्स डॉक्टरांची टंचाई जाहीर झालेल्या सगळ्याच भागांसाठी असंच काम करते. मोंटानाची योजना मला त्यातल्या त्यात कल्पक वाटते. या राज्याला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय कधीच नव्हतं. सत्तरच्या दशकापासून मोंटाना सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जागा विकत घेतं. आधी वीस, आता वर्षाला तीस. मोंटानाची मुलं सुरुवातीचं शिक्षण बोझमनमध्येच घेतात. या राज्य-अनुदानित जागांवर शिकणारे विद्यार्थी एक ठरावीक शुल्क भरतात, ते एका निधीत जमा होतं, आणि जो डॉक्टर पुढे मोंटानाच्या ग्रामीण किंवा वंचित भागात काम करतो त्याचं पाच वर्षांत दीड लाख डॉलरांपर्यंत कर्ज त्यातून फिटतं. जो गावात जाणार नाही तो गावात जाणाऱ्याला हातभार लावतो. आपल्याकडच्या बाँडच्या सक्तीपेक्षा ही रीत मला अधिक शहाणी वाटते, कारण नाइलाजाने आलेला डॉक्टर आणि ठरवून आलेला डॉक्टर यांच्यातला फरक रुग्णाला पहिल्याच आठवड्यात समजतो.

दुसरा मार्ग भारताशी थेट जोडलेला आहे. परदेशी डॉक्टर जे-१ व्हिसावर अमेरिकेत निवासी प्रशिक्षण घेतो तेव्हा त्यानंतर दोन वर्षं मायदेशी परतणं त्याला बंधनकारक असतं. व्हिसासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्रही लागतं: या शाखेच्या डॉक्टरची देशाला गरज आहे आणि हा परत येणार आहे, अशा आशयाचं. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांनी १९९४ मध्ये या बंधनातून सूट देणारी योजना आणली. डॉक्टरने टंचाईच्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम केलं तर परत जायला नको. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस डॉक्टरांची शिफारस करता येते; कॅलिफोर्नियालाही तीस आणि साडेसात-आठ लाख वस्तीच्या नॉर्थ डकोटालाही तीस. त्यामुळे विरळ वस्तीच्या राज्यांना याचा खरा आधार झाला. या डॉक्टरांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत आणि मराठी घरांतलेही आहेत. माळरानावरच्या एखाद्या गावात हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा एकमेव तज्ज्ञ आपल्याकडचा असतो. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण मेळघाट आणि गडचिरोलीतली आरोग्य केंद्रं डॉक्टरची वाट पाहत असताना दिल्लीने दिलेलं ते पत्र डोळ्यांसमोर येतं आणि अस्वस्थ वाटतं. एका देशाची टंचाई दुसऱ्या देशाच्या टंचाईतून भागवली जाते आहे.

या सगळ्या योजनांना एक समान मर्यादा आहे. दोन, तीन किंवा पाच वर्षं संपतात. कर्ज फिटतं, ग्रीन कार्डाचा अर्ज मार्गी लागतो, मुलं शाळेच्या वयाची होतात आणि डॉक्टर शहराकडे जातो. मधुमेहाच्या रुग्णाला पुन्हा नव्या माणसासमोर पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. हे पैसे वाया जातात असं मी म्हणत नाही, ते बंद केले तर उद्याच दवाखाने ओस पडतील. पण टिकणारा डॉक्टर त्यांतून फारसा मिळत नाही.

टिकतो कोण, याचं उत्तर बऱ्याच काळापासून माहीत आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजने १९७४ पासून खेड्यात वाढलेली आणि खेड्यात परतू इच्छिणारी मुलं मुद्दाम निवडली आणि त्यांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला. गावातून आलेला विद्यार्थी गावात जाण्याची आणि तिथे राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त, हे त्यातून आणि नंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसलं. तरीही वाटचाल उलटी आहे: २००२ ते २०१७ या काळात अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांत ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी २८ टक्क्यांनी घटले. आदिवासी डॉक्टर तर देशातल्या शंभर डॉक्टरांमागे एकही नाही. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचा पाया कच्चा राहिला की वैद्यकीय प्रवेशाची शर्यत तिथेच संपते, आणि तो पाया राखीव प्रदेशातल्या मुलाला घराजवळ मिळतो तो जमातीच्या कॉलेजात. म्हणूनच मला हा खर्च एकच वाटतो. नॉर्थ डकोटा विद्यापीठात १९७३ पासून आदिवासी मुलांना शालेय वयापासून वैद्यकाकडे आणणारा एक कार्यक्रम चालतो, देशातल्या आदिवासी डॉक्टरांपैकी मोठा वाटा त्यातून गेला आहे. त्याला येणारी मुलं जिथे तयार होतात त्या कॉलेजांची छपरं गळत असतील तर कार्यक्रम तरी काय करणार?

अलास्काने तर डॉक्टर नसलेल्यांनाही तयार करून दाखवलं. तिथल्या कित्येक गावांना रस्ता नाही. विमान किंवा होडी. पन्नासच्या दशकात क्षयाची साथ होती तेव्हा गावातल्याच माणसांना औषधं वाटायला शिकवलं गेलं, आणि त्यातून प्रशिक्षित आरोग्य सहायकांची पद्धत उभी राहिली. दातांसाठी मात्र कुणीच नव्हतं. २००३ मध्ये जमातींच्या आरोग्य संस्थेने काही तरुणांना थेट न्यूझीलंडला पाठवलं, कारण दंतोपचार सहायक घडवण्याचा दीर्घ अनुभव तिथे होता. ते परतले, गावोगावी मुलांचे दात भरू-काढू लागले. दंतवैद्यांच्या संघटनेने २००६ मध्ये कोर्टात आव्हान दिलं, ते टिकलं नाही. आता हे शिक्षण अलास्कातच होतं, आणि त्याची पदवी देणारं कॉलेज आहे उत्कियाग्विकचं इलिसाग्विक, आर्क्टिक वर्तुळाच्याही बऱ्याच वर असलेलं, अलास्कातलं एकमेव जमातीचं कॉलेज. कॉलेज आणि दवाखाना यांच्यातलं अंतर इथे पुसलं गेलं आहे.

आणि ओक्लाहोमा. चेरोकी जमातीला १८३८-३९ मध्ये आग्नेयेकडच्या तिच्या भूमीतून हाकलून इथे आणलं गेलं. वाटेत हजारो मेले. तरीही १८५१ मध्ये या जमातीने स्वखर्चाने मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा काढली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं, जमातीचं शासन मोडीत निघालं, आणि १९०९ मध्ये राज्याने या शाळेची टॅलेक्वा गावातली वास्तू विकत घेऊन आपलं शिक्षक महाविद्यालय तिथे थाटलं. त्याच टॅलेक्वा गावी २०२० मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अभ्यासक्रम आणि पदवी राज्याच्या विद्यापीठाची, आणि चार कोटी डॉलरांची इमारत चेरोकी नेशनने बांधलेली, आपल्या इस्पितळाच्या आवारात. जमातीशी संलग्न असं हे देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. पहिल्या तुकडीत चोपन्न विद्यार्थी होते, त्यांतला साधारण पाचातला एक आदिवासी. २०२४ च्या मे महिन्यात ती तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली. विद्यार्थी रुग्णांना पाहतात ते त्याच आवारात, म्हणजे मधुमेहाने पाय गमावलेली आजी आणि तिला दूरच्या गावाहून घेऊन येणारा नातू ही माणसं त्यांना पुस्तकाबाहेर पहिल्या वर्षापासून भेटतात.

चेरोकींकडे कॅसिनोंचं उत्पन्न आहे, लाखो सदस्य आहेत. फोर्ट बेलनॅप किंवा लेम डियरकडे ते नाही आणि येण्याची शक्यताही नाही. तिथे राज्यालाच पुढे यावं लागेल, आणि त्यासाठी फार मोठी रक्कम लागणार नाही. मोंटानाचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, जास्तीत जास्त नव्वद दिवस भरतं. बिगर-लाभार्थी विद्यार्थ्यांची ओळ अंदाजपत्रकात राहते की गळते, हे दर वेळी त्या नव्वद दिवसांत नव्याने ठरतं. नर्सिंगच्या प्राध्यापकाला पुढच्या वर्षीची नेमणूक देताना कॉलेजला हीच अनिश्चितता भेडसावते. ही ओळ कायमची करावी, तिचा दर राज्याच्या स्वतःच्या कॉलेजांतल्या दरडोई खर्चाशी बांधावा, आणि डॉक्टरांच्या कर्जफेडीचा निधी ज्या समितीपुढे येतो त्याच समितीपुढे तीही यावी.